जुनं कातडं

सागरला म्हाताऱ्या माणसाचं कातडं हवं होतं, म्हणून तो बापाला न्यायला गाडी घेऊन आला.

बाप म्हणजे रावजी. लांज्याच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी, वाडीच्या टोकाला घर आणि घरात तो एकटा. बायको वारली तेव्हा कार्य उरकल्यावर त्याने लेकाला भीतभीत विचारलं होतं, "मी येऊ काय रत्नागिरीस, तुमच्याकडं?" सागर पायांत बूट चढवत म्हणाला होता, "आप्पा, फ्लॅट लहान आहे हो." त्यानंतर रावजीने तो विषय काढला नाही. मागल्या कापणीला तो खळ्यात पडला आणि शेजारची चिमा गोवऱ्या मागायला आली तोवर तसाच पडून राहिला, तेव्हाही फ्लॅट लहानच होता. आता मात्र त्यात जागा झाली होती.

गाडी सुरू करण्याआधी सागरने बापाचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. कोपराखालचं कातडं चिमटीत धरून उचललं आणि सोडलं. ते कंटाळल्यासारखं हळूहळू खाली बसलं.

"वा!" सागर म्हणाला. "अगदी हवं तसं."

लेक मोठा झाल्यापासून त्याने बापाचा हात हातात घेतल्याचं रावजीला आठवत नव्हतं. वाटेत पाली गाव येईपर्यंत तो चिमटीची ती जागा दुसऱ्या हाताने चोळत बसला होता.

सागर रबर आणि प्लॅस्टिक यांचं शिक्षण घेऊन आला होता. एमआयडीसीत एक शेड घेऊन तो आणि त्याचा मित्र अद्नान एक वस्तू बनवत होते. दुधावरच्या सायीसारखा पातळ, मऊ तुकडा. ओढला तर ताणायचा, सोडला तर जागेवर यायचा, आणि अंगावर ठेवला की अंगाचाच होऊन जायचा. त्याच्या पोटात केसाहून बारीक रुपेरी रेघा होत्या; त्या हृदयाचे ठोके ऐकत आणि फोनवर पाठवत. रेघांचं काम अद्नानचं. तो खाडीकाठच्या राजिवड्याचा, आजोबा जहाजावर तांडेल होते, चुलते कतारला, आणि हा घरातला पहिला असा की ज्याने पाण्यात पाय घातला नाही. सायीचं काम सागरचं. दवाखान्यातल्या चिकटपट्ट्या काढताना म्हाताऱ्यांचं कातडं सोलून येतं. ही साय काढताना तसं होता कामा नये, हीच त्यातली सगळी मेख होती. बाहेरून आणलेलं रबर परवडत नव्हतं, म्हणून सागरने ती काजूच्या टरफलाच्या तेलापासून केली होती.

"काजूच्या?" पहिल्याच दिवशी रावजीने विचारलं.

"त्यातला जाळणारा भाग काढून टाकलाय, आप्पा. उरतं ते अगदी लोणी."

रावजीने उभी हयात काजूच्या कारखान्यात, भाजणीच्या भट्टीवर काढली होती. पण लेक एवढा शिकला होता, तो म्हणतो तर काढला असेल.

सायीला अंगावर बसायला ऊब लागायची. सागर सकाळी बापाचा हात स्पिरिटने पुसायचा, तुकडा ठेवायचा आणि त्यावर आपला तळवा दाबून धरायचा. चहा गार होईस्तोवर तो तळवा तिथे असायचा. सागर दुसऱ्या हाताने फोन बघत असे, बोलत नसे, बापाकडे पाहतही नसे. पण तळवा असे. रावजी श्वास जपून सोडायचा. दुसऱ्या सकाळी सागर तुकडा सोलायचा, खालची जागा बोटाने चाचपायचा, फोटो काढायचा आणि शेजारी नवा तुकडा लावायचा. एवढंच. पण या एवढ्यासाठी रावजी उजाडायच्या आधीच आंघोळ करून, बाही वर सारून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसू लागला.

बाकीचा दिवस मात्र त्याचा नव्हता. त्याची खाट बंद केलेल्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनला लागून होती. त्याचा कप वेगळा होता. सून दीपाली खेडच्या कापडवाल्याची मुलगी, हुशार, तोंडाने फटकळ. कंपनीचं बाहेरचं सगळं बोलणं तीच करायची. सासऱ्याशी ती वाईट वागत होती असं नाही. तो खोलीत आला की ती पंखा वाढवायची, एवढंच.

"आई, आमच्याकडे पाहुणे नाहीत गं," ती फोनवर माहेरी सांगायची, दार उघडं ठेवून. "प्रयोगाला उंदीर आणलाय एक. मोठा आहे. चहा पितो."

अद्नान आला की हसत म्हणायचा, "काय आप्पा, आज उंदराची तब्येत काय म्हणते?"

"बरी हाय," रावजी म्हणायचा, आणि तोही हसायचा. हसण्यात आपणही आहोत, हे त्याला बरं वाटायचं.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तुकड्याखाली चुणचुणलं, मग चुरचुरलं, आणि मग आत कुणीतरी विडीचं थोटूक दाबून धरल्यासारखं झालं. रावजीने ती आग लगेच ओळखली. तिच्याबरोबरच तो म्हातारा झाला होता. सागरने तेलातला जाळणारा भाग काढला होता खरा, पण सगळा निघाला नव्हता.

आता शहाण्या माणसाने काय करावं? लेकाला सांगावं. त्यासाठीच तर त्याला आणलं होतं. पण रावजी पडला कारखान्यातला माणूस, आणि कारखान्यात एक रीत होती. नवा माणूस भट्टीवर आला की मुकादम पहिले काही दिवस त्याचे हात बघायचा. ज्याचं अंग उतलं, फोड आले, त्याला दुसऱ्या दिवशी घरी धाडायचे. उतणारं अंग काजूच्या कामाला चालत नाही. म्हणून ज्याला पोट होतं तो फोड लपवायचा. जुनी माणसं नव्याला पहिली गोष्ट शिकवायची ती हीच: मुठेल जवळ ठेव. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं, मुठीत दाबून वळलेलं घट्ट तेल. मुकादमाचा डोळा चुकवून ते चोळायचं आणि हात पुढे करायचा. "काय झालंय?" "काय नाय."

रावजीच्या पिशवीत मुठेल होतंच, टाचांच्या भेगांसाठी. सागर आणि दीपाली शेडवर गेले होते. त्याने सायीची कड नखाने उचलली. ती एवढी गरीब की विनातक्रार उठली. खाली लाली फुटत होती. त्याने मुठेल चोळलं, साय परत बसवली आणि वर आपलाच तळवा दाबून धरला. सागरची वस्तू चांगली होती. घामट, तेलकट अंगालाही धरायची.

सकाळी सागरने ती सोलली. खालची जागा तुकतुकीत होती.

"काही जाणवलं?"

"काय नाय."

सागरच्या तोंडावर असं हसू आलं की रावजी ते बघतच राहिला. दहावीचा निकाल लागला तेव्हा हे पोर असं हसलं होतं, पण तेव्हा ते आईकडे बघून हसलं होतं.

झालं. त्या दिवसापासून दुपारचं जेवण झालं की मुठेल, आणि सकाळी "काय नाय". सागर तुकड्यांवर तुकडे लावत गेला. हात झाला, दंड झाला, छाती झाली. रोज नवी जागा आणि रोज तळवा. रावजी आपण लेकाला फसवतोय असं समजत नव्हता. आपण टिकून आहोत, एवढंच त्याला समजत होतं. मनाला कधी खटकलं तर तो स्वतःशी म्हणायचा, वाईच जळतं, त्यात काय, आपण नाय मेलो.

मग एके दिवशी दीपाली जेवता जेवता म्हणाली, "मुंबईची माणसं येतायत. दवाखान्याचं सामान बनवणारी मोठी कंपनी आहे. त्यांना आवडलं तर पुढचं सगळं तेच बघतील." आणि कोशिंबीर वाढता वाढता तिने पुढचं सांगितलं, "ती गेली की आप्पांना वाडीला सोडून येऊ. त्यांचं काम झालंच आहे आता."

रावजीने सागरकडे पाहिलं. सागर माशाचे काटे वेगळे काढत होता. "हो," तो म्हणाला. "झालंच आहे."

"पाऊस सरस्तोवर राहिलो असतो," रावजी म्हणाला.

"आप्पा, ती गॅलरी मला ऑफिसला हवी आहे," दीपाली म्हणाली. " आणि तुम्हाला इथे करमतं तरी कुठे?"

"करमतं," रावजी म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

पाहुणे यायच्या आदल्या सकाळी सागर स्वयंपाकघरात आला, तेव्हा रावजी बाही सारून बसला होता. पण सागरने स्टूल मागितलं. त्यावर दीपाली बसली. म्हाताऱ्या हाताबरोबर तरुण अंगही दाखवायचं, ही तिचीच कल्पना. आंघोळ, घाम, झोप, सगळ्यांतून साय कशी टिकते ते तिच्याच मानेवर दिसेल, आणि तिच्या हृदयाचे ठोके टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर चालतील. तिने केस वर बांधले. मान गोरी, नितळ, कधी उन्हात न गेलेली.

रावजी ओट्याशी उभा होता. ही मान उतणार, हे त्याला समोरच्या भांड्याइतकं स्वच्छ दिसत होतं. तोंडातून शब्दही गेला.

"दीपाली, गो, आधी वाईच मुठेल चोळून घे. बरं असतं."

"आप्पा, ते तुमचं तेल तुमच्याकडेच राहू दे. सगळ्या घराला तुमचाच वास मारतोय. उद्या त्या मुंबईच्या बाईंनी नाक धरलं तर काय सांगू, सासरा मुरवत ठेवलाय?"

अद्नान फोन जोडत होता, तो फिसकन हसला. सागर वळला. "आणि मुठेल कशाला? तुम्हाला काही झालं? इतके दिवस लावतोय. एकदा तरी जळलं?"

रावजीला त्या क्षणी सगळं सांगता आलं असतं. पण त्याच्या डोक्यात एक गणित येऊन बसलं होतं, आणि ते सुटत नव्हतं. हिला काही झालं नाही, तर पाहुणे खूश होतील आणि आपण वाडीला. हिचं अंग उतलं, तर वस्तू फसेल. वस्तू फसली तर पुन्हा करावी लागेल. पुन्हा करायची तर पुन्हा कातडं लागेल. आणि खोटं कशाला बोला, 'उंदीर' म्हणणारं ते तोंड ज्या मानेवर बसलंय ती मान एकदा चुरचुरेल, हेही त्याला अगदीच वाईट वाटत नव्हतं.

"नाय," तो म्हणाला. "मला काय नाय झालं."

सागरने दीपालीच्या मानेवर तुकडा ठेवला आणि त्यावर तळवा धरला. या वेळी त्याने फोन बघितला नाही. तिच्या कानाशी काहीतरी बोलला आणि ती हसली. रावजी गॅलरीत जाऊन बसला.

पाहुण्यांत एक बाई आणि एक गृहस्थ होते. बाई फार सभ्य. रावजीला इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं होतं, बाही आधीच दुमडून. पडद्यावर दीपालीच्या हृदयाची हिरवी रेघ उड्या मारत होती. दीपाली बोलत होती, छान बोलत होती. पण तिचा हात पुन्हा पुन्हा मानेकडे जायचा आणि अर्ध्यावरून परत यायचा. रात्रभर ती तळमळली होती, हे रावजीने गॅलरीतून ऐकलं होतं. सागरने विचारलं तेव्हा तिने "उकाडा" म्हणून सांगितलं होतं. पाहुण्यांसाठी तिनेही लपवलं होतं. घर एकाच वळणावर चाललं होतं म्हणायचं.

पडद्यावरची रेघ घाईत आली. बाई म्हणाल्या, "ठोके वाढलेत तुमचे."

"तुम्हाला बघून," अद्नान म्हणाला. सगळे हसले.

"आता आमच्या वस्तूची खरी गंमत," सागर म्हणाला. "काढताना कळतसुद्धा नाही." तो दीपालीच्या मागे उभा राहिला, सायीची कड धरली आणि सफाईदार हाताने सोलली.

साय आली, आणि तिच्याबरोबर खालचं सगळं आलं. फोड फुटून पाणी गळ्यापर्यंत ओघळलं. दीपाली ओरडली नाही. तिने टेबलाची कड धरली आणि दातांतून एक आवाज काढला, मांजर गाडीखाली आल्यावर काढतं तसा. पडद्यावर काही क्षण रेघ सुतासारखी सरळ गेली, कारण साय आता सागरच्या बोटांना लोंबत होती.

बाईंनी आपला रुमाल पुढे केला. मग त्या रावजीकडे वळल्या, त्याचा हात उचलून उजेडाकडे धरला. जुना, काळसर, धडधाकट. "मग यांना कसं काही नाही?"

सगळे रावजीकडे बघू लागले. इतकी माणसं एकदम त्याच्याकडे कधी बघत नसत.

"माजं कातडं जुनं हाय," तो म्हणाला.

पाहुणे जेवायला थांबले नाहीत. सभ्यपणानेच गेले.

दुसऱ्या दिवशी दीपाली आतल्या खोलीत पालथी पडून होती. अंगावर पदरसुद्धा सहन होत नव्हता. डॉक्टरांनी बघताच विचारलं होतं, "काजूचं तेल सांडलं काय हो अंगावर?" ते ऐकून सागर शेडवर गेला नाही. त्याने बापाला बाहेरच्या खोलीत बोलावलं, त्याचा हात साबणाने धुतला, स्पिरिटने पुसला, पुन्हा धुतला. तुकडा लावला. तळवा दाबून धरला. आणि मग खुर्ची समोर ओढून तिथेच बसून राहिला.

रावजीला आधी भीती वाटली. जेवण झालं तरी सागर उठेना, तेव्हा भीती गेली आणि दुसरंच काहीतरी आलं. लेक आपल्यासमोर बसलाय. फोन पालथा ठेवलाय. आपल्याकडे बघतोय.

"आप्पा, कारखान्यात कसं असायचं रे?" सागरने विचारलं. लहानपणी आईच्या देखत तो बापाला असाच 'अरे-तुरे' करायचा.

असं कुणी विचारलंच नव्हतं. रावजी बोलू लागला. भट्टी कशी पेटायची, धूर कसा छातीत बसायचा, फोडणाऱ्या बायका हातांना राख फासून कशा ओळीत बसायच्या आणि मुकादमाच्या टकलावर गाणी रचायच्या. सागर "मग?" म्हणायचा आणि रावजी आणखी पुढे जायचा. हाताखाली आग पेटली होती, पण बोलण्याच्या भरात तिचं काही वाटत नव्हतं.

"मुकादमाला सगळी फसवायची," तो हसत म्हणाला. "आमी तर भारी! फोड आला की मुठेल चोळायचं आनि हात पुढं. त्याच्या बापाला कळत नसे."

"म्हणजे अंगावर काहीच दिसायचं नाही?"

"कशाला दिसतंय? वेळच्या वेळी चोळलं तर ताजं ताजं बसतं."

"मग कधी चोळायचास?"

"दुपारी. जेवल्यावर. मुकादम नसायचा तवा."

हे बोलून झाल्यावर रावजीला ते ऐकू आलं. त्याने सागरकडे पाहिलं. सागर हसत नव्हता. तो पुढे वाकला, सायीची कड धरली आणि हळूहळू, अगदी हळूहळू सोलली. म्हाताऱ्या कातडीवर टपोरा फोड तरारून आला होता.

सागरने त्यावर अंगठा ठेवला. "दुखतंय?"

"नाय."

अंगठा दाबला. "दुखतंय?"

"वाईच."

सागरने फोड फुटेपर्यंत दाबला. रावजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "दुखतंय रे बाबा. दुखतंय."

"हेच पाहिजे होतं मला," सागर म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "महिनाभर एवढंच पाहिजे होतं. एवढं एक काम होतं तुला, आप्पा. दुखलं तर दुखलं म्हण."

"मला वाटलं तू धाडशील."

"धाडणार होतोच की."

आतून दीपालीचा आवाज आला, उशीत दाबलेला. "त्यांना माहीत होतं?"

सागरने अंगठा पँटीला पुसला.

"सागर, त्यांना माहीत होतं? मी मान पुढे केली तेव्हा?"

"हो," सागर म्हणाला.

खाली रस्त्यावर कोळीण "बांगडे, बांगडे" ओरडत गेली. मग दीपाली म्हणाली, "मग आता नको पाठवूस त्यांना. मला गॅलरी नको. जेवढे म्हणून प्रकार करशील, तेवढे सगळे त्यांच्याच अंगावर लाव. जळू देत."

एवढ्या दिवसांत राहा असं रावजीला कुणी म्हटलेलं हे पहिलंच.

पुढे तसंच झालं. सागरने तेल आणखी कढवलं, गाळलं, त्याचे निरनिराळे तुकडे केले. मुठेल त्याने त्याच दिवशी खिडकीतून फेकून दिलं होतं. हाताला जागा पुरेना म्हणून रावजीने सदरा काढून पाठ दिली. स्टुलावर उघडा बसला की त्याच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. अद्नानने पहिल्यांदा ती पाठ पाहिली आणि म्हणाला, "सागर, बस कर यार. बाप आहे तुझा."

"त्यांनीच केलंय हे," सागर म्हणाला. "विचार त्यांना."

"आप्पा?"

"मला चालतं," रावजी म्हणाला. त्या दिवसापासून अद्नान उंदराची चौकशी करेनासा झाला. सकाळचा चहाही तो शेडवरच घेऊ लागला.

सागरने नवा नियम केला होता. महिनाभर त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि डोळ्यांनी त्याला बुडवलं. आता लाली असो नसो, आप्पा म्हणेल ते खरं. जळलं की हाक मारायची. तो जिथे असेल तिथून येई, तो तुकडा सोलून टाकी आणि तिथे दुसरा लावून तळवा धरी.

"सागर!"

"कुठे?"

"हितं. खांद्याखाली."

तळवा येई. पाठ भाजलेली असे, आणि तिच्यावर लेकाचा तळवा. रावजी डोळे मिटून घेई.

एका सकाळी सागरने पाठीच्या अगदी खाली, कमरेच्या वर एक तुकडा लावला. त्या दिवशी तो लगेच उठला नाही. "हा निराळा आहे, आप्पा," तो म्हणाला. "याच्यावर माझं सगळं आहे. नीट बघ. नीट सांग." दारात दीपाली उभी होती. तिच्या मानेवर खपली धरली होती. तीही बघत होती.

दिवसभर रावजी सांगत राहिला. खांद्याखालचा जळला, तो काढला. कुशीतला जळला, तो काढला. कमरेवरचा मात्र विहिरीच्या पाण्यासारखा गार होता. संध्याकाळ झाली तरी गारच. रात्र गेली, सकाळ झाली, तरी तिथे काही आहे हेसुद्धा कळत नव्हतं. लेकाला जमलं होतं.

सागर चहा तसाच टाकून आला. बापाच्या मागे गुडघ्यांवर बसला आणि तुकड्याची कड उचलून खाली पाहिलं. त्याचा श्वास पाठीला लागत होता.

"लाली नाही," तो म्हणाला. "आप्पा, लाली अजिबात नाही. काय वाटतंय? खरं सांग."

रावजीने दाराकडे पाहिलं. दीपालीने गॅलरीतल्या खाटेकडे पाहिलेलं त्याने पाहिलं.

"जळतंय," तो म्हणाला.

"नक्की?"

"आतून जळतंय. फार."

सागरने ती जागा पुन्हा एकदा बोटाने चाचपली. मग त्याने तो तुकडा सोलला. तो इतका हळुवार निघाला की रावजीला कळलंसुद्धा नाही. सागरने त्याचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला, पिशवीतून दुसरा काढला, त्याच जागी ठेवला आणि वर तळवा दाबला.

"म्हणजे अजून करायला पाहिजे," तो म्हणाला.

"कर की," रावजी म्हणाला आणि लेकाच्या हाताला सोयीचं व्हावं म्हणून थोडा पुढे वाकला. "मी हाय."